मुळशीचे पाणी आणि समाजशास्त्राची शाळा

पुण्याच्या पश्चिमेस, मुळा आणि निळा ह्या नद्यांच्या संगमापाशी, मुळशीचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. पावसाळा सरल्यावर ते पाणी इतके निवांत दिसते की, त्याच्या तळाशी शेते, घरे आणि देवळे आहेत हे कोणी सांगितल्यावाचून ध्यानी येऊ नये. टाटांच्या ह्या धरणातील पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्यास पाडून वीज निर्माण करावयाची व ती मुंबईस न्यावयाची, अशी योजना होती. त्या विजेपायी सुमारे ५० गावांवर गंडांतर आले.

ज्या मुंबईस ही वीज जावयाची होती, त्याच मुंबईच्या विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला. मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला तो १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी. ह्या दोन घटनांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर आहे. एकीकडे समाज म्हणजे काय ह्याचे शास्त्र शिकविले जाऊ लागले, आणि दुसरीकडे एक समाज आपल्या भूमीवरून उठविला जात होता. हा योगायोग खरा. परंतु तो विचार करण्याजोगा आहे.

विद्यार्थ्यांनी एकत्र जमून समाजाचा विचार करावा ही चाल मुंबईत विद्यापीठाहूनही जुनी. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण अध्यापक ह्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून प्रसिद्धीस आल्या. तेथे निबंध वाचावे, वादविवाद करावा, हा क्रम होता. पण ही मंडळी निबंध वाचून स्वस्थ बसली नाहीत. १८४९ साली त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या. विद्यार्थ्यांच्या मंडळाने केवळ बोलावे की काही करावेही, ह्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच मिळाले होते.

नव्या विभागाचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक, पुढे नगररचनेकडे वळलेले. स्थळ, काम आणि लोक ह्या तिहींचा परस्परसंबंध पाहिल्यावाचून कोणताही समाज कळत नाही, हे त्यांचे मुख्य सूत्र. मुळशीस हे सूत्र लावून पाहावे. स्थळ मावळचे, काम भातशेतीचे, त्यातही तेथील सुवासिक आंबेमोहोराचे, आणि लोक त्या खाचरांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे मावळे. स्थळ पाण्याखाली गेले की काम जाते, आणि काम गेले की लोक देशोधडीस लागतात. नुकसानभरपाईच्या रुपयांत हे तिन्ही बसत नाहीत.

एडिंबरो येथे गेडिस ह्यांचा प्रसिद्ध मनोरा होता. त्याच एडिंबरोस पांडुरंग महादेव बापट हे शिष्यवृत्ती घेऊन अभियांत्रिकी शिकावयास गेले होते. यंत्रविद्या शिकलेला हा गृहस्थ मुळशीच्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि लोकांनी त्यास ‘सेनापती’ म्हटले. लढ्यास दुहीचे ग्रहणही लागले होते. पुण्याच्या अनेक सावकार जमीनदारांस भरपाईचा पैसा चालत होता. जमीन कसणाऱ्या कुळांस जमीनच हवी होती. १९२४ साली रेल्वेगाडी अडविल्यावरून बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि सत्याग्रह संपला.

त्याच १९२४ साली मुंबईच्या विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांच्या हाती आली. मालवणचे हे संस्कृतज्ञ केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आले होते. एकाच विषयात खोल शिरावे, प्रबंध लिहावा, आणि लिहिलेले प्रत्येक विधान पुराव्याने सिद्ध करावे, अशी त्यांच्या शाळेची शिस्त होती. इरावती कर्वे ह्यांनी १९२८ साली त्यांच्याच हाताखाली चित्पावनांवरील प्रबंध लिहून एम. ए. केले. म्हैसूरहून १९३६ साली सामाजिक तत्त्वज्ञानात ऑनर्स घेऊन आलेले श्रीनिवास ह्यांचा म्हैसुरातील विवाह व कुटुंब ह्यांवरील प्रबंध १९४२ साली छापला गेला. ऑनर्सचा खरा अर्थ हाच की, मान पदवीस नसून सखोल अभ्यासास असतो. पुढे १९५१ साली घुर्ये ह्यांच्याच पुढाकाराने इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, आणि विद्यार्थ्यांच्या जुन्या मंडळांतील परंपरेस अखिल भारतीय रूप आले.

अभ्यासाचे मोल केव्हा कळते? पुण्याच्या पूर्वेस लोणीकंद नावाचे गाव आहे. पेशवाई बुडाल्यानंतर लवकरच थॉमस कोट्स ह्या इंग्रज डॉक्टराने त्या गावाचे बारकाईने वर्णन लिहून ठेविले. त्या आधाराने सव्वाशे वर्षांनंतरच्या लोणीकंदाची तुलना करणारा ग्रंथ घुर्ये ह्यांनी १९६० साली सिद्ध केला. मुळशीच्या बुडालेल्या गावांत अशा रीतीने पुन्हा जाऊन पाहण्याची सोय राहिली नाही. पाहावयाचे ते गावच उरले नाही.

इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र शिकवीत होत्या. कोयनेच्या धरणाने उठविलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर ह्यांच्यासह केली व ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. मुळशीनंतर जवळजवळ अर्धशतकाने, विस्थापित माणूस शास्त्राच्या वहीत आला. १९७६ साली महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. खुद्द मुळशीच्या लढ्याचा सविस्तर अभ्यास पुणे विद्यापीठातील प्राध्यापक राजेंद्र व्होरा ह्यांनी केला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली निघाला.

शास्त्र उशिरा आले, हा त्याचा दोष म्हणावा काय? शास्त्रास प्रथम आपली दृष्टी घडवावी लागते, हे खरे. परंतु धरणाचे पाणी दृष्टी घडेपर्यंत थांबत नाही. म्हणून आज जो विद्यार्थी समाजशास्त्राचा विशेष अभ्यास करितो, त्याने आपल्या मंडळात निबंध अवश्य वाचावा. मात्र वाचण्यापूर्वी एकदा गावात जाऊन यावे. गाव तेथे आहे तोवरच जावे, हा मुळशीच्या पाण्याचा धडा आहे.