'बाजार-ए-हुस्न' की 'सेवासदन'?

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या नात्यातली एक मुलगी आपल्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित घेऊन घरी आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मराठीत लिहिते. कादंबरीला तिने नाव दिले होते 'इद्दत'. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराच्या चौकटीत बसलेल्या एका बाईची ती कहाणी आहे. प्रकाशकांना मजकूर पसंत पडला होता, नाव पसंत नव्हते. मराठी वाचकाला कळणार नाही, 'प्रतीक्षा' ठेवा, असे त्यांनी सुचवले होते.

"मामू, इद्दत म्हणजे प्रतीक्षा का हो?" तिने विचारले. "ती बाई वाट कुणाची बघतेय?"

प्रश्न बरोबर होता. इद्दत या शब्दाच्या मुळाशी मोजणे आहे, दिवस मोजणे. वाट पाहणाऱ्याला कुणीतरी येण्याची आशा असते, दिवस मोजणाऱ्याला ती असेलच असे नाही. मी तिला लगेच काही सांगितले नाही. मला आठवण झाली ती शंभर वर्षांपूर्वीच्या एका लेखकाची. आपल्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीचे दोनदा बारसे करण्याची पाळी त्याच्यावर आली होती, एकदा उर्दूत आणि एकदा हिंदीत. तो लेखक म्हणजे प्रेमचंद.

त्यांचे स्वतःचे नावही मुळात ते नव्हे. १८८० साली बनारसजवळच्या लमही गावी जन्मलेला हा कायस्थांचा मुलगा धनपतराय, मौलवीसाहेबांकडे फारसी-उर्दू शिकला आणि 'नवाबराय' या नावाने उर्दूत लिहू लागला. १९०८ साली त्याचा 'सोज़-ए-वतन' हा कथासंग्रह निघाला. देशासाठी जळणाऱ्या काळजाची होरपळ, असा त्या नावाचा अर्थ. सरकारी शिक्षणखात्यातल्या नोकराने असे नाव मुखपृष्ठावर छापावे हे इंग्रज साहेबाला कसे रुचावे? हमीरपूरच्या कलेक्टरांनी बोलावून खडसावले, प्रती जप्त करून जाळल्या. मग कानपूरच्या 'ज़माना' मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी नवे नाव सुचवले आणि १९१० साली 'प्रेमचंद' जन्माला आले. नावाची किंमत काय असते हे या माणसाला पहिली मोठी कादंबरी लिहिण्याआधीच कळून चुकले होते.

त्याही आधीची त्यांची एक छोटी कादंबरी आहे, 'हमखुर्मा व हमसवाब'. ही फारसी म्हण आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको. रोजा सोडताना खजूर खावा, तोंड गोड व्हावे आणि सवाबही पदरात पडावा, असा तो भाव. ईदच्या सकाळी आपण शीरखुर्मा पितो त्यातला 'खुर्मा' तो हाच. कादंबरीचा नायक अमृतराय हा सुधारक वकील. तो एका विधवेशी लग्न करतो. त्याला मनासारखी बायको मिळते आणि समाजसुधारणेचे पुण्यही लागते. नावात कौतुक आहे, आणि मला तरी त्यात किंचित चिमटाही दिसतो. सुधारकाला सुधारणेतून काय मिळते, हा तो चिमटा. हीच कादंबरी १९०७ साली हिंदीत आली तेव्हा तिचे नाव झाले 'प्रेमा'. नायिकेचे सरळसाधे नाव. खजूर गेला, सवाबही गेला आणि चिमटाही गेला. पुढे वीस वर्षांनी हाच विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला. तेव्हा हिंदीत 'प्रतिज्ञा' आणि उर्दूत 'बेवा' असे नाव आले. एका भाषेत पुरुषाचा निश्चय, दुसरीत बाईची अवस्था.

खरी गोष्ट पुढे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेमचंदांनी उर्दूत 'बाजार-ए-हुस्न' लिहिली. कादंबरी बनारसची. दारोगा कृष्णचंद्र हा इमानदार माणूस, पण मुलीच्या हुंड्यासाठी लाच घेतो आणि तुरुंगात जातो. हुंडा नसलेली सुमन एका गरीब, संशयी माणसाच्या गळ्यात बांधली जाते. एका रात्री घरी परतायला उशीर झाला म्हणून नवरा तिला दाराबाहेर काढतो. ज्या सज्जन वकिलाच्या घरी ती आसरा मागते, तोही लोकनिंदेला भिऊन तिला ठेवून घेत नाही. मग समोरच्या कोठ्यावरचे दार तेवढे उघडे राहते. आणि त्या कोठ्यावर कोण येते? शहरातले तेच प्रतिष्ठित, जे दिवसा धर्मावर बोलतात. पुढे तवायफांना शहराबाहेर हलवण्याचा ठराव म्युनिसिपालिटीत येतो. त्यावर हिंदू सभासद वेगळे बसून खल करतात, मुसलमान सभासद वेगळे बसून. बायकांच्या जगण्याचा प्रश्न बघता बघता मतांच्या हिशोबाचा होतो. ही प्रकरणे आजही वाचावीत. शेवटी सुमन एका आश्रमात तवायफांच्या मुलींना शिकवू लागते. त्या आश्रमाचे नाव 'सेवासदन'.

कादंबरी लिहून झाली, पण उर्दूत प्रकाशक मिळेना. उर्दूत आता निभाव लागत नाही, म्हणून हिंदी लिहिण्याचा सराव चालू आहे, असे प्रेमचंदांनी निगमसाहेबांना १९१५ मध्येच कळवले होते. शेवटी त्यांनी स्वतःच कादंबरी हिंदीत उतरवली. कलकत्त्याच्या प्रकाशकाने साडेचारशे रुपये दिले आणि १९१९ साली ती बाहेर आली 'सेवासदन' या नावाने. उर्दू मूळ लाहोरहून पूर्ण छापून यायला १९२४ उजाडले आणि मोबदला मिळाला अडीचशे. आधी जन्मलेले मूल मागून शाळेत गेले.

आता दोन्ही नावे शेजारी ठेवून बघा. 'बाजार-ए-हुस्न' म्हटले की बोट रस्त्याकडे जाते. बाजार म्हणजे विकणारा आला, तसा विकत घेणाराही आला. हुंड्याचा बाजार आणि कोठ्याचा बाजार वेगळे नाहीत, हे कादंबरीचे मर्म त्या एका शब्दात आहे. सुमनच्या लग्नाचा सौदा पहिल्या प्रकरणांत होतो, कोठा नंतर येतो. 'सेवासदन' म्हटले की बोट शेवटच्या काही पानांकडे जाते. रोगाचे नाव पुसून औषधाचे नाव चिकटवल्यासारखे ते होते. शिवाय ते औषध कितपत लागू पडते, याची शंका खुद्द कादंबरीतच आहे. आश्रमात सुमनला मान मिळतो, पण जवळची माणसे तिच्यापासून अंतर ठेवतात ते ठेवतातच.

पण प्रेमचंदांनी नाव पातळ केले, असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. १९१९ चा हिंदी वाचक घरातला होता, त्यात लेकीसुना होत्या. 'बाजार-ए-हुस्न' असे नाव छापलेले पुस्तक किती सुनांना सासऱ्यासमोर हातात धरता आले असते? शिवाय 'सेवासदन' हा शब्द त्या काळाच्या हवेत होता. आपल्याकडेच पाहा. मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी १९०८ साली 'सेवा सदन' काढले, आणि १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी. तिथे बायका शिकत होत्या, परिचारिका होत होत्या. म्हणजे हिंदी वाचकापुढे ठेवलेले हे नाव नुसता आडपडदा नव्हता, ती एक ओळखीची आशा होती. उर्दू वाचकाला 'फसाना' वाचायची सवय होती, त्याला बाजाराचे नाव ऐकून घाम फुटत नव्हता. गोष्ट एकच होती, तिचे दार उघडणारी माणसे वेगळी होती. तरीही मला विचाराल तर मूळ नाव खरे. गंमत म्हणजे १९३४ साली नानूभाई वकील यांनी मुंबईत या कादंबरीवर बोलपट काढला, त्याला दोन्ही नावे लागली. त्याच वर्षी प्रेमचंद स्वतः अजंटा सिनेटोनसाठी लिहायला मुंबईत आले होते. इथल्या धंद्याला कंटाळून १९३५ मध्ये परतले.

पुढच्या मोठ्या कादंबरीचे उर्दू नाव 'गोशा-ए-आफियत', म्हणजे सुखरूप राहण्याचा एक कोपरा. हिंदीत ती १९२२ साली 'प्रेमाश्रम' झाली. साबरमतीचा आश्रम ओळखीचा झाला होता, त्यामुळे नाव चपखल बसले. या कादंबरीतला कादिरमियाँ हा शेतकरी ज्यांनी वाचला नसेल, त्यांनी जरूर वाचावा. गावकीतला मुसलमान म्हातारा असा सहजपणे रंगवलेला फार थोड्या पुस्तकांत भेटतो.

त्यानंतरची 'चौगान-ए-हस्ती'. चौगान म्हणजे घोड्यावर बसून खेळायचा चेंडूफळीचा खेळ, इंग्रज ज्याला पोलो म्हणतात तो. अस्तित्वाचे चौगान! कादंबरीचा नायक सूरदास हा आंधळा भिकारी. त्याची जमीन सिगारेटच्या कारखान्यासाठी हवी असते आणि तो देत नाही. तो पुन्हा पुन्हा सांगतो की जगणे हा खेळ आहे, मन लावून खेळावे, हरलो तरी रडू नये. आंधळ्या माणसाच्या कादंबरीला घोडेस्वारांच्या खेळाचे नाव! हिंदीत १९२५ साली ती 'रंगभूमि' नावाने आली. मराठी वाचक इथे हमखास फसतो. आपण रंगभूमी म्हटले की पडदा आणि तिसरी घंटा आठवते. मूळ संस्कृत शब्दात मल्लांचा आखाडाही आहे, आणि प्रेमचंदांना तोही अभिप्रेत असणार, असे सूरदासाचे बोलणे ऐकून वाटते. म्हणजे इथे नाव बदलले तरी खेळ शाबूत राहिला. असे भाग्य 'बाजार-ए-हुस्न'ला लाभले नाही.

'कायाकल्प'पासून (१९२६) ओघ उलटला. आता आधी हिंदी, मग उर्दू. 'कायाकल्प'ची उर्दूत 'पर्दा-ए-मजाज़' झाली, 'कर्मभूमि'ची 'मैदान-ए-अमल'. ही दुसरी जोडी अगदी तागडीत तोलल्यासारखी आहे. खरे सांगायचे तर मला ती थोडी शाळामास्तरी वाटते.

आणि मग 'गोदान'. १९३६ च्या जूनमध्ये ती हिंदीत आली आणि ऑक्टोबरच्या ८ तारखेला प्रेमचंद वारले. उर्दू आवृत्ती त्यांच्या पश्चात निघाली. नाव काय ठेवले? 'गऊदान'. ना फारसी जोडशब्द, ना इज़ाफत. जन्मभर एक गाय बाळगायची होरीची इच्छा, ती पुरी होत नाही. शेवटच्या घटकेला त्याची बायको धनिया सुतळी विकून मिळवलेले वीस आणे नवऱ्याच्या गार हातात ठेवते आणि समोरच्या ब्राह्मणाला हेच गोदान म्हणते. याला दुसऱ्या भाषेत कोणता शब्द घालणार? 'खैरात' म्हणता येत नाही, 'सदका' म्हणता येत नाही. तो विधी ज्यांच्या घरात नव्हता अशा हजारो मुसलमान वाचकांनी 'गऊदान' हे नाव जसेच्या तसे वाचले आणि कादंबरी संपेपर्यंत त्यांना त्याचा अर्थ कळला. कोशाची गरज पडली नाही, होरी पुरेसा होता.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले, एका बैठकीत नव्हे, तीन-चार वेळा मिळून. तिने 'बाजार-ए-हुस्न' मागून नेली आणि परत आणली तेव्हा म्हणाली, "मामू, सुमनला कोठ्यावर नेऊन ठेवलं तिथं पुस्तकाचं नाव आहे. मधे कुणाला तरी लाज वाटली." मी म्हटले, लाज नव्हे, गिऱ्हाईक बदलले. तिला ते पटले नाही. माझ्याही मनात पुरते बसलेले नाही.

'प्रतीक्षा'ला तिने नकार कळवला आहे. 'चार महिने दहा दिवस' असे मधले नाव मी सुचवले होते. मराठीही आहे आणि मोजणेही त्यात आहे. ते तिने कागदावर लिहून पाहिले, थोडा वेळ तसेच ठेवले आणि खोडले. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर पुन्हा 'इद्दत' लिहून तिने ते प्रकाशकांकडे पाठवले. हे लिहीपर्यंत तरी उत्तर आलेले नाही.