डावाची सुरुवात : पाठ केलेल्या चाली आणि त्यांमागील विचार

समजा, माढ्यातील एखादा शाळकरी मुलगा सोलापूरला बुद्धिबळ स्पर्धेसाठी गेला आहे. गावात प्रशिक्षक नसल्याने मोबाइलवरील चित्रफिती पाहून त्याने 'इटालियन' पद्धतीच्या पहिल्या बारा चाली पाठ केल्या आहेत. तो राजापुढचे प्यादे ई४ वर आणतो, समोरचा ई५ खेळतो. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा सी६ वर आणि पांढऱ्याचा उंट सी४ वर येतो. येथे काळा उंट सी५ वर किंवा दुसरा घोडा एफ६ वर काढतो, एवढे त्याला ठाऊक आहे. परंतु प्रतिस्पर्धी नुसतेच कडेचे प्यादे एच६ वर सरकवतो. ही चाल पाठांतरात नाही. मुलगा दहा मिनिटे विचार करतो, गोंधळतो आणि अखेर काहीतरी खेळून मोकळा होतो. घरी आल्यावर पालकांची समजूत अशी होते, की पाठांतर कमी पडले. आता बाराऐवजी वीस चाली पाठ करावयास हव्यात.

वास्तविक एच६ ही दुबळी चाल आहे. पांढऱ्याचा घोडा किंवा उंट जी५ वर येऊ नये एवढ्यासाठी ती केलेली असते. पण त्या बदल्यात काळ्याचे एकही नवे मोहरे बाहेर येत नाही. पांढऱ्याला जणू एक चाल फुकट मिळाली. ज्याची मोहरी आधी बाहेर आली आहेत त्याने पटाचा मध्यभाग खुला करावा, हा साधा विचार माहीत असता, तर मुलाने डी४ खेळण्यास दहा सेकंदही घेतले नसते.

पहिल्या चालींमध्ये उत्तर नसून प्रश्न असतो, ही गोष्ट 'स्पॅनिश' पद्धतीइतकी चांगली दुसरीकडे क्वचितच दिसते. वरच्याच डावात पांढऱ्याने तिसऱ्या चालीला उंट सी४ ऐवजी बी५ वर आणला की ती स्पॅनिश झाली. उंट सी६ वरील घोड्यावर रोखलेला आहे आणि तो घोडा ई५ च्या प्याद्याला आधार देतो आहे. म्हणजे आधार काढून प्यादे खाण्याची ही धमकी दिसते. तरीही काळा निर्धास्तपणे ए६ खेळून उंटालाच हुसकावतो. असे का? पांढऱ्याने उंटाने घोडा मारला, काळ्याने वजिराच्या बाजूच्या प्याद्याने उंट मारला आणि पांढऱ्याच्या घोड्याने ई५ चे प्यादे खाल्ले, की काळा वजीर डी४ वर उतरतो. त्याच्या माऱ्यात घोडाही असतो आणि ई४ चे प्यादेही. घोडा मागे घ्यावा तर वजीर प्यादे परत घेतो. हिशेब बरोबरीत सुटतो आणि काळ्याकडे दोन उंट शिल्लक राहतात. पांढऱ्याची धमकी पोकळ होती.

पण ती नेहमीच पोकळ राहत नाही. म्हणूनच पांढरा उंट ए४ वर मागे घेतो, किल्लेकोट करतो आणि हत्ती ई१ वर आणतो. आता ई४ ला आधार मिळाला, वजिराची ती युक्ती संपली आणि ई५ वरील धमकी खरी झाली. त्याच क्षणी काळा बी५ खेळून उंटाला पुन्हा हाकलतो. एक चाल आधी बी५ ची निकड नव्हती. एक चाल उशीर केला तर प्यादे जाते. ए६, किल्लेकोट, हत्ती ई१, बी५ अशी साखळी घोकणाऱ्याला हा क्रम मंत्रासारखा वाटतो. ज्याला कारण कळले आहे, त्याला तो विसरताच येत नाही.

बॉबी फिशरने १९६६ च्या हवाना ऑलिंपियाडमध्ये नेमका हाच धागा उलटा ओढला. उंट व घोड्याची अदलाबदल करून प्यादे खाण्याची घाई न करता तो आधी किल्लेकोट करीत असे. त्यानंतर काळ्याने जुन्या सवयीने ई५ कडे दुर्लक्ष केले तर घोड्याने ते प्यादे खाता येते. काळा वजीर डी४ वर येऊन, घोडा मागे गेल्यावर, ई४ चे प्यादे मारतो. पण तेवढ्यात हत्ती ई१ वर येतो. वजीर आणि राजा एकाच उभ्या रांगेत सापडलेले असतात आणि वजीर जातो. ज्या पद्धतीला पुष्कळांनी निरुपद्रवी मानले होते, तिच्यात एका चालीच्या क्रमबदलाने पुन्हा जीव आला.

'वजिराचा गॅम्बिट' हे नावच फसवे आहे. डी४, डी५ नंतर पांढरा सी४ खेळून एक प्यादे देऊ करतो असे दिसते. ते खाऊन काळ्याने राखण्याचा हट्ट धरला तर काय होते पाहा. पांढरा ई३ खेळतो, काळा बी५ ने प्याद्याला आधार देतो, पांढरा ए४ ने त्या आधारालाच धक्का देतो, काळा सी६ खेळतो. बी५ वर प्याद्यांची मारामारी झाली, की पांढरा वजीर एफ३ वर येतो आणि कोपऱ्यातील ए८ चा हत्ती त्याच्या तिरप्या माऱ्यात सापडतो. हत्ती वाचवण्यासाठी घोडा किंवा उंट द्यावा लागतो. म्हणजे सी४ चे प्यादे दान नव्हते, उसनवार होते. काळ्याने ते खावे, पण परत द्यावयाची तयारी ठेवून खावे आणि त्या वेळात आपली मोहरी बाहेर काढावीत.

या दृष्टीने आपल्याकडील देशी बुद्धिबळाकडे पाहणे उद्बोधक आहे. महाराष्ट्रासह देशात प्रांतोप्रांती नियमांत फरक होते. परंतु प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची चाल मिळे, हे सर्वसाधारण रूप होते. त्यामुळे मध्यभागी प्याद्यांची टक्कर लवकर होत नसे. खेळाडू आधी आपले घर बांधी आणि प्रतिपक्षाची रचना पाहून मग वार करी. १८५० च्या सुमारास कोलकात्यात जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी शेकडो डाव खेळला. बॅनर्जी हे कोलकात्याबाहेरील मुफसलातले खेळाडू. युरोपीय नियम त्यांनी नंतर आत्मसात केले. त्यांनी आपली सवय मात्र सोडली नाही. जी६ खेळून उंट जी७ वर बसवायचा, मध्यभाग प्रतिस्पर्ध्याला घेऊ द्यायचा आणि मग त्यालाच सुरुंग लावायचा! युरोपात मध्यभाग प्याद्यांनी व्यापणे हा जवळजवळ धर्म होता, त्या काळातील ही गोष्ट. आज जगभर 'किंग्ज इंडियन' वगैरे नावांनी खेळल्या जाणाऱ्या बचावांतील 'इंडियन' हा शब्द याच परंपरेची खूण आहे. ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने १९२२ मध्ये रूढ केलेल्या बचावाची मांडणीही बॅनर्जींच्या १८५५ मधील एका डावात सापडते.

पंजाबचे मीर सुलतान खान हे याच देशी खेळात वाढलेले. युरोपीय ओपनिंगचे त्यांचे ज्ञान बेताचे होते आणि त्याचा त्यांना त्रासही झाला. तरीही १९२९, १९३२ व १९३३ असे तीन वेळा ते ब्रिटिश विजेते ठरले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्याला हरवले. त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो मृत्यूनंतर, २०२४ मध्ये.

पाठांतराला अजिबात स्थान नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. इटालियन पद्धतीतच काळ्याने दुसरा घोडा एफ६ वर काढला आणि पांढऱ्याने घोडा जी५ वर आणून एफ७ वर नेम धरला, की सर्वसामान्य तत्त्वे कामी येत नाहीत. काळा डी५ खेळतो, पांढरा ते प्यादे मारतो. येथे घोड्याने प्यादे परत घेणे हीच सर्वांत स्वाभाविक चाल. पण त्यावर पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देतो आणि काळा राजा पटाच्या मध्यभागी ओढला जातो. अनुभवी खेळाडू त्याऐवजी घोडा ए५ वर, म्हणजे पटाच्या अगदी कडेला नेतात, जे एरवी कोणीही शिकवणार नाही. असे मोजके धारदार प्रकार लक्षात ठेवावेच लागतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला किंवा नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली, त्या पातळीवर तर संगणकाच्या साह्याने केलेली तयारी अपरिहार्यच असते. परंतु त्यांच्या स्मरणात असलेल्या चालींना अर्थाची जोड असते. नवख्याने त्यांच्या तयारीचा शेवटचा मजला आधी बांधू नये.

रूबेन फाइन या अमेरिकन ग्रँडमास्टरने १९४३ मध्येच ओपनिंगमागील कल्पनांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. आज संगणक कोणत्याही चालीला क्षणात गुण देतो. पण ती चाल का चांगली, हे तो आपणहून सांगत नाही. तो प्रश्न खेळाडूनेच विचारावयाचा असतो. प्रत्येक चालीनंतर थांबून पाहावे : या मोहऱ्याने कशावर मारा धरला, येताना कोणते घर उघडे टाकले आणि मी काहीच केले नाही तर पुढच्या चालीला काय होईल? तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात आणि डाव बहुधा तेथेच जातो.

प्रशिक्षक हाताशी नसेल तर घरातला एक सोपा सराव सांगण्याजोगा आहे. आजोबांना देशी खेळ येत असल्यास प्यादे एकच घर चालवण्याच्या नियमाने त्यांच्याशी आठवड्यातून दोन डाव खेळावेत. पाठ केलेली एकही चाल तेथे उपयोगी पडत नाही. दहाव्या चालीला पट तसाच ठेवून दोघांनी एकमेकांना सांगावे, की आपले कोणते मोहरे अजून घरात बसले आहे आणि ते कोठे न्यावयाचे आहे. मग डाव पुढे चालवावा.