तमाशातील वाद्ये : जुन्नर–आंबेगाव परिसर

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके तमाशा या लोकनाट्यप्रकाराचे महत्त्वाचे क्षेत्र होत. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे पुणे–नाशिक मार्गावरील मीना नदीकाठचे गाव ‘तमाशापंढरी’ म्हणून ओळखले जाते. चैत्रातील यात्रांच्या तोंडावर अनेक फडांच्या राहुट्या येथे लागतात आणि गावोगावचे पंच खेळ ठरविण्यासाठी, म्हणजेच ‘सुपारी’ देण्यासाठी, येथे येतात. फडाचा लौकिक गायिका, नर्तकी व सोंगाड्या यांच्या नावाने होत असला, तरी खेळाचा तोल वाद्यवृंदावर अवलंबून असतो. वादक कसा तयार होतो व त्याच्या हाती पहिले वाद्य कसे येते, हा या परंपरेच्या इतिहासातील दुर्लक्षित, परंतु महत्त्वाचा भाग आहे.

पारंपरिक तमाशात ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे व झांज ही प्रमुख वाद्ये होत. उत्तर पेशवाईत शाहिरी कवनांना बहर आला, तेव्हा डफ व तुणतुणे ही शाहिराच्या साथीची ओळख ठरली. जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) हा त्या काळातील एक प्रसिद्ध शाहीर होय. हलगी वाजविणे हे गावगाड्यात मांग समाजाकडे असलेले बलुत्याचे काम होते. त्याचा मोबदला धान्याच्या रूपाने व गावाच्या मर्जीप्रमाणे मिळे. तमाशाच्या फडात तेच कौशल्य कला म्हणून ओळखले गेले व त्यास रोख मोल आले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारख्या कलावतीच्या घराण्याचा उत्कर्ष या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. त्यांच्या नावे महाराष्ट्र शासन तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. वाद्य हाती असणे म्हणजे केवळ छंदाचे साधन असणे नव्हे, तर वेठीच्या कामातून मजुरीच्या कामाकडे जाण्याचा तो एक मार्ग होता.

नवशिक्याच्या दृष्टीने तुणतुणे हे सर्वांत सुलभ वाद्य होय. लाकडाचे किंवा पत्र्याचे एक नळकांडे, त्याच्या तळाशी ताणून बसविलेले कातडे, बाजूस जोडलेली काठी, काठीच्या टोकाची खुंटी आणि कातड्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंत नेलेली एकच तार, एवढीच त्याची रचना असते. तार लहानशा काडीने छेडतात. त्यावर राग किंवा चाल वाजत नाही. गायकास आधारस्वर आणि लयीचा ठेका एवढेच ते पुरविते. एकच गोष्ट वारंवार सांगणाऱ्या माणसाला ‘आपलेच तुणतुणे वाजवतो’ असे म्हणतात, ते या गुणामुळेच. मात्र सतत एकाच स्वरावर राहणे व लयीत न ढळणे हे वादनाचे मूलभूत शिक्षण असून सुरत्याच्या शेजारी उभे राहून तुणतुणे धरणारा मुलगा झील धरता धरता संपूर्ण खेळ ऐकून पाठ करतो. गोंधळी व वाघ्या–मुरळी यांच्या विधिनाट्यांतही हेच वाद्य असल्याने खंडोबाच्या जागरणात शिकलेला हात तमाशातही उपयोगी पडतो.

वापरलेले वाद्य घेताना जाणकार जी पारख करतात, तिचे सूत्र सर्व वाद्यांस समान आहे : जे झिजते व बदलता येते त्याचा दोष क्षम्य मानावा, जे वाद्याचा सांगाडा असते त्याचा दोष मानू नये. ढोलकीचे कातडे, शाई व वादी ही काळाने उतरतातच. पुड्या नव्याने मढविता येतात. परंतु खोडास उभी चीर गेली असल्यास, ते किडीने पोखरले असल्यास किंवा त्याचे तोंड वाकडे झाले असल्यास कितीही उत्तम पुडी चढविली, तरी स्वर स्थिर राहत नाही. तुणतुण्यात तार व कातडे यांची किंमत नगण्य असते. काठीचा जोड व खुंटीची पकड पाहावी लागते, कारण खुंटी फिरली की स्वर उतरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात रूढ झालेल्या बाजाच्या पेटीबाबत भाता हवेने भरून सर्व पट्ट्या बंद ठेवतात व भाता किती वेगाने खाली बसतो ते पाहतात. तो लगेच बसल्यास हवा गळत आहे असे समजावे. एखाददुसरा बेसूर स्वर कारागीर घासून सुरात आणू शकतो. तडकलेली पेटी सावरणे मात्र खर्चाचे ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिक्षेपक, विद्युत् दिवे आणि चित्रपटगीते यांनी तमाशाचे स्वरूप पालटले. ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड व ऑक्टोपॅड आले. चित्रपटसंगीतात खर्जाच्या स्वरांसाठी वापरली जाणारी बेस गिटार हे याच विद्युत् वाद्यांच्या कुळातील होय. अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बेस गिटारीमुळे ती व्यापारी प्रमाणावर रूढ झाली. मोठ्या आकाराच्या उभ्या डबल बेसपेक्षा ती नेण्यास सोपी व वृंदात स्पष्ट ऐकू येणारी होती. तिच्या चार तारा नेहमीच्या गिटारीच्या चार खालच्या तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. सर्वांत जाड तारेची कंप्रता सु. ४१ हर्ट्‌झ असते व तारेची वाजती लांबी साधारणतः ८६ सेंमी. असते. जुनी बेस गिटार घेतानाही वर सांगितलेले सूत्रच लागू पडते. तारा, खुंट्या, आवाजाचे नियंत्रक व तारजोडणी बदलता येते. पण मान पिळवटली असेल किंवा पडदे खोलवर झिजले असतील, तर स्वस्त वाद्य महाग पडते. शिवाय तिला विवर्धकाची गरज असल्याने वाद्याच्या किंमतीत त्याचाही विचार करावा लागतो. तमाशात कीबोर्डवरच खर्जाचे स्वर वाजविता येत असल्याने स्वतंत्र बेसवादकावाचून काम भागते. एका यंत्राने अनेक वादकांचे काम करावे, हाच या बदलाचा आर्थिक अर्थ आहे.

या बदलाचा परिणाम नवशिक्यावर झाला. तुणतुणे धरून फडात उभे राहणे यासाठी भांडवल लागत नसे. विद्युत् वाद्यासाठी मोठी रक्कम लागते. फडमालकाकडून हंगामापूर्वी ‘उचल’ घेण्याची प्रथा तमाशात जुनीच आहे व ती हंगामाच्या कमाईतून फेडली जाते. वाद्यासाठी घेतलेली उचल हंगाम बुडाल्यास कर्ज बनून राहते. २०२० व २०२१ या वर्षी कोव्हिड–१९ साथीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा सलग दोन हंगाम हातचे गेले व कलावंतांची फार ओढाताण झाली. या भागातील यात्रांत दिवसा बैलगाडा शर्यती व रात्री तमाशा असा क्रम रूढ आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंद झालेल्या शर्यतींस डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त अनुमती मिळाली व २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांसंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरविला. त्यामुळे यात्रांचा जुना क्रम पुन्हा पूर्ण झाला.

वाद्ये बदलली, तरी ढोलकीचे स्थान अद्याप टिकून आहे. लावणीच्या बोलांना जाब देणारी तिची थाप यंत्रावर सहज उतरत नाही, कारण ती नर्तकीच्या पावलाकडे पाहून क्षणोक्षणी बदलते. म्हणून जुने, पण खोड शाबूत असलेले वाद्य आणि शेजारी उभे राहून शिकविणारा अनुभवी वादक, या दोन गोष्टी आजही नवशिक्यास सर्वाधिक उपयुक्त ठरतात.