जातकांतील प्राणी, लेण्यांतील रंग : सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सहा कला-उपक्रम

क्रांती चौक म्हणजे आपल्या शहराचे मोर्चाचे ठिकाण. १८५७ च्या उठावातील शिपायांना जिथे देहदंड दिला गेला, तो काळा चबुतरा इथलाच. या चौकाच्या आसपासच्या वस्त्यांतील मुलांसोबत आम्ही काम करतो. चौकातून अजिंठा साधारण १०० किलोमीटर, वेरूळ ३० किलोमीटर, आणि औरंगाबाद लेणी तर शहरातच, विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात. तरीही सहावी-सातवीच्या मुलांना "प्राण्याचे चित्र काढा" म्हटले की बहुतेक वह्यांत कार्टूनमधला सिंह उतरतो. अजिंठ्याचा हत्ती क्वचितच.

यात मुलांचा दोष नाही. लेण्यांची सहल होते, गटाचा फोटो निघतो आणि गाडी परत येते. भिंतीवर कोणती गोष्ट रंगवली आहे, ती कोणी आणि कशासाठी रंगवली, हे सांगणारे कोणी नसते. नाशिकच्या बुद्ध लेण्यांना "पांडवलेणी" आणि वेरूळच्या क्रमांक १० च्या चैत्यगृहाला "सुताराची झोपडी" म्हणतात. आपला वारसा डोळ्यांसमोर असूनही ओळखीचा राहत नाही, तो असा. ही ओळख हाताने करून देण्यासाठी खालील सहा उपक्रम विहारात, शाळेत किंवा वस्तीतील अभ्यासिकेत घेता येतात.

आधी दोन शंका

पालक सभेत पहिला प्रश्न हमखास येतो : जातककथा म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्माच्या गोष्टी, मग आपण मुलांना पुनर्जन्म शिकवायचा का? प्रश्न रास्त आहे. आत्म्याच्या पुनर्जन्माची कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारली आहे. म्हणून आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो की जातके हा इतिहास नाही. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत, आणि त्यांतील बऱ्याच लोकांच्या तोंडी असलेल्या प्राणिकथा आहेत. भिक्खूंनी त्यांचा उपयोग दान, शील, क्षांती, मैत्री या पारमिता समजावण्यासाठी केला. दहा पारमितांचे पालन हा २२ प्रतिज्ञांचाच भाग आहे. कथा ऐकल्यावर मुलांना "हा हत्ती खरा होता का?" याऐवजी "या हत्तीच्या जागी तू काय केले असतेस?" असे विचारावे.

दुसरी शंका मुलांचीच असते : बोधिसत्त्व हत्ती किंवा हरीण झाला म्हणजे तो अवतार का? मत्स्य, वराह यांच्या गोष्टी त्यांनी टीव्हीवर पाहिलेल्या असतात. इथे फरक सांगणे टाळू नये. अवतारकथेत देव वरून खाली येतो. जातकात एक साधा प्राणी स्वतःच्या वागण्याने मोठा होतो. बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याची प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात का घेतली गेली, हे सातवीच्या मुलाला या तुलनेतून चटकन कळते.

उपक्रम १ : छद्दन्त हत्ती आणि मातीची भिंत

सहा सुळ्यांच्या हत्तीची ही कथा. राणीच्या सांगण्यावरून शिकारी त्याचे सुळे घ्यायला येतो. जखमी हत्ती त्याला मारत नाही, उलट सुळे कापायला मदत करतो. अजिंठ्यात ही कथा दोनदा भेटते : लेणे क्रमांक १० मध्ये इसवी सनापूर्वीच्या काळात रंगवलेली, आणि लेणे क्रमांक १७ मध्ये पाचव्या शतकातील. दोन्हींची छापील चित्रे शेजारी ठेवून फरक शोधायला लावावे.

अजिंठ्याचे चित्रकार आधी खडबडीत दगडावर माती, तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देत, त्यावर पांढरा पातळ थर देत आणि तो वाळल्यावर रंगवत. मुलांनी जाड पुठ्ठ्यावर चाळलेली माती, भाताचे तूस आणि डिंकाचे पाणी यांचा अर्धा सेंटीमीटर थर द्यावा व दोन दिवस सावलीत वाळवावा. वर खडूची भुकटी डिंकात कालवून लावावी. चुना वापरू नये, हात भाजतात. एक पुठ्ठा मुद्दाम तुसाशिवाय करावा. त्याला जास्त भेगा पडतात आणि तूस कशासाठी, हे न सांगता कळते. बाह्यरेषा गेरूने काढावी. भरायला पिवळी माती, काजळी, खडू. अजिंठ्याचा निळा मात्र लाजवर्द दगडाचा आहे आणि तो आजच्या अफगाणिस्तानातून येत असे. इथे नकाशा काढून व्यापारी मार्ग दाखवला की इतिहासाचा एक तासही होतो.

उपक्रम २ : महाकपी आणि एकाच चौकटीतली गोष्ट

माकडांचा राजा आपल्या कळपाला वाचवण्यासाठी स्वतःच्या शरीराचा पूल करतो, आणि त्याच्या पाठीवरून सगळे पलीकडे जातात. ही कथा लेणे क्रमांक १७ मध्ये आहे. अजिंठ्यात एकाच चित्रात तेच पात्र पुन्हा पुन्हा दिसते. कॉमिकसारख्या वेगळ्या चौकटी नसतात, झाड, नदी किंवा दरवाजा प्रसंग वेगळे करतो. चार-चार मुलांच्या गटाला एक मोठा कागद द्यावा आणि तीन प्रसंग एकाही उभ्या रेघेशिवाय बसवायला सांगावे. नेता म्हणजे कोण, यावर चर्चा आपोआप सुरू होते.

उपक्रम ३ : चार हरणे, एक डोके

लेणे क्रमांक १ मधील एका स्तंभशीर्षावर चार हरणांची शरीरे कोरली आहेत, डोके मात्र एकच. कोणत्याही एका शरीराकडे पाहिले की डोके त्याचेच वाटते. मुलांनी जाड कागदाचे एक डोके कापावे आणि चार वेगळ्या ढबींची शरीरे त्याच मानेला जुळतील अशी जोडावीत. दोन-तीनदा चुकते, मग जमते. सोबत निग्रोधमृग जातक सांगावे : गाभण हरिणीऐवजी स्वतः मरायला उभा राहिलेला मृगराज आणि ते पाहून सर्व प्राण्यांना अभय देणारा राजा. बुद्धांनी पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदायवनात दिले, हेही इथेच सांगून घ्यावे.

उपक्रम ४ : सारनाथच्या स्तंभावरचे चार प्राणी

राजमुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारली गेली. ती नोटेवर रोज दिसते, पण सिंहांच्या खालच्या पट्टीकडे कोणी पाहत नाही. सम्राट अशोकाच्या सारनाथ येथील स्तंभशीर्षावर त्या पट्टीत हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी चालताना दिसतात व त्यांच्यामध्ये २४ आऱ्यांची चार चक्रे आहेत. गोल डब्याभोवती कागद गुंडाळून शाडूच्या मातीने ही पट्टी उठावात करावी. २४ आरे समान अंतरावर येण्यासाठी प्रत्येक कोन १५ अंशांचा लागतो, म्हणून कोनमापक द्यावा. घोड्याच्या सरावासाठी क्रांती चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा समोरच आहे. पदपथावर थांबून पाय, मान आणि शेपटीची रेखाटने करता येतात. जिवंत प्राणी पाहायचे तर सिद्धार्थ उद्यान जवळ आहे.

उपक्रम ५ : दायमाबादचे चाकांवरचे प्राणी

बुद्धपूर्व काळातील महाराष्ट्रही मुलांना दाखवावा. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ. चौघांचे मिळून वजन ६० किलोहून अधिक भरते. अनेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातील मानतात. पोळ्याला मातीचे बैल प्रत्येक मुलाने हाताळलेले असतात, त्यामुळे हा उपक्रम सर्वांत लवकर रंगतो. कुंभाराकडून मळलेली माती आणावी. प्राण्याखालच्या पाटाला बांबूच्या काडीचा आस आणि मातीची चाके बसवावीत. भोक ओल्या मातीतच आणि काडीपेक्षा थोडे मोठे पाडावे, कारण माती वाळताना आकसते. वर्गात मग एक प्रश्न विचारावा : आज महाराष्ट्रात गेंडा नाही, मग त्या कारागिराने तो कुठे पाहिला असेल?

उपक्रम ६ : सातवाहनांची नाणी आणि धम्मलिपी

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. त्यांच्या अनेक नाण्यांवर एका बाजूला हत्ती किंवा सिंह आणि दुसऱ्या बाजूला 'उज्जैन चिन्ह' दिसते. पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर डबा-पॅकिंगचा चंदेरी कागद चिकटवून, शाई संपलेल्या पेनने हलक्या दाबाने प्राणी उठवावा. कडेने स्वतःचे नाव धम्मलिपीत, म्हणजे ब्राह्मीत लिहावे. लेण्यांतील दानलेख याच लिपीत आहेत, आणि दान देणाऱ्यांत राजांबरोबर व्यापारी, कारागीर, भिक्खुणी आणि सामान्य स्त्रियाही आहेत. आपले नाव त्या अक्षरांत उमटलेले पाहताना मुले जे थांबतात, ते पाहण्यासारखे असते.

लेणीभेट आणि नियम

साहित्य गोळा करण्याआधी एक भेट व्हावी. पैसे कमी असतील तर औरंगाबाद लेणी पुरेशी आहेत. तिथल्या क्रमांक ७ मध्ये अवलोकितेश्वर लोकांना आठ भयांतून सोडवताना कोरला आहे, आणि त्यांत हत्ती, सिंह व साप आहेत. दगडातला प्राणी कसा वळवला आहे, हे तिथे जवळून पाहता येते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. चित्रांना हात लावणे आणि फ्लॅश वापरणे यास मनाई आहे. भिंतीवर कागद ठेवून छाप घेऊ नये. वहीत बघून काढावे.

बघून काढण्याची परंपराही मोठी आहे. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या. पुढे १९०९ ते १९११ दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत नंदलाल बोस होते. आधीच्या कितीतरी प्रतिकृती लंडनच्या आगींत जळाल्या. मूळ भिंतही दरवर्षी थोडी थोडी झिजते आहे. म्हणून प्रत्येक पिढीने पाहून काढलेले चित्र हे जतनाचेच काम आहे.

"चित्र काढून पोट भरते का?" असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही दोन गोष्टी सांगतो. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा आहेत आणि इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीत मिळतात. दुसरे असे की अजिंठ्याच्या भिंती रंगवणारेही हाताने काम करणारे कारागीर होते, आणि त्यांचे काम दीड हजार वर्षे टिकले आहे. हाताने काम करणाऱ्यांना हलके लेखणाऱ्या समाजात आपल्या मुलांना हे कळणे गरजेचे आहे.

सहा उपक्रमांना आठवड्याला दोन तास धरले तर तीन महिने लागतात. पावसाळ्यात सुरुवात केली तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात प्रदर्शन मांडता येते. प्रत्येक कामाखाली मुलाचे नाव, कथेचे नाव आणि लेणे क्रमांक किंवा मूळ ठिकाण लिहावे, आणि माहिती मुलांनीच पाहुण्यांना सांगावी. आजी-आजोबांना छद्दन्ताची गोष्ट सांगणारी सातवीतली मुलगी पुढच्या सहलीत लेणे क्रमांक १७ स्वतः शोधून काढते.