रिकाम्या मुलखाचे दप्तर

'सफर' हा शब्द आपणांस परका नाही. अरबीतून फारसीच्या वाटेने तो मराठीत आला. तोच शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला, आणि इंग्रज शिकाऱ्यांच्या तोंडी बसून जगभर पसरला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे मात्र तो मुळात नव्हता. तिकडे बैलगाड्यांचे तांडे महिनोन्‌महिने चालत आणि त्या चालण्यास 'ट्रेक' म्हणत. आज नामिबिया देशात परदेशी पाहुण्यांसाठी जी सफारी योजिली जाते, तीत या दोहोंपैकी कशाचेच कष्ट उरलेले नाहीत. विंडहुक येथे उतरावे, लहानशा विमानाने वाळवंटाच्या काठी जावे, सॉसुसव्लेईच्या तीनशे मीटरांहून उंच तांबड्या टेकड्या सूर्योदयी पाहाव्यात, दोन दिवस स्वाकोपमुंडच्या समुद्रकाठी थांबावे, मग डामारालँडच्या खडकाळ प्रदेशातून एटोशाच्या पाणवठ्यांवर हत्ती-सिंह पाहण्यास जावे, असा हा साधारण क्रम आहे. प्रत्येक मुक्कामी तंबूत पलंग, न्हाणीघर आणि उंची भोजन सिद्ध असते. सोबतचा मार्गदर्शक वाळूवरील सापाची वळणे वाचून दाखवितो. पाहुण्याने एवढे मोल मोजायचे ते मुख्यत्वे एका वस्तूसाठी: जिकडे पाहावे तिकडे माणूस नाही, या अनुभवासाठी.

आमचे म्हणणे एवढेच की, हा मुलूख असा रिकामा निर्माण झालेला नाही. तो रिकामा करण्यात आला. आणि त्या कामात जितका वाटा बंदुकीचा होता तितकाच दप्तराचा. जाहीरनामा, हुकूम, आयोगाचा अहवाल, नकाशावर ओढलेली रेघ, हीच त्याची साधने. आमच्या वाचकांपैकी अनेकांचे आयुष्य याच साधनांच्या सहवासात गेले असल्यामुळे त्यांना या इतिहासाची चव इतरांपेक्षा लवकर कळेल, असा आमचा समज आहे.

नामिब हे जगातील अतिप्राचीन वाळवंटांपैकी एक होय. अटलांटिक महासागरातून बेंग्वेला नावाचा शीत प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो. त्यामुळे पाऊस पडत नाही, पण धुके मात्र दाट येते. त्या धुक्यावर तेथील जीवसृष्टी तगून आहे. एका जातीचा काळा भुंगा पहाटे टेकडीच्या माथ्यावर डोके खाली करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून त्याच्या तोंडात पडतात. हे मार्गदर्शक आवर्जून दाखवितात, आणि दाखवावे असेच ते आहे. पण याच वाळवंटातून वाहणाऱ्या कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रात टोपनार नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. 'नारा' नावाचे काटेरी रानटी फळ हे त्यांचे अन्न व धन. १९०७ मध्ये हा भाग राखीव मृगयाक्षेत्र म्हणून जाहीर झाला, तेव्हाही ते तेथे होते आणि आजही आहेत.

वाळवंटाच्या पूर्व कडेची कथा थोडी निराळी आहे. तेथे गोऱ्या वसाहतवाल्यांना मेंढ्यांसाठी विस्तीर्ण शेते देण्यात आली होती. काराकुल जातीची मेंढी मध्य आशियातून या देशात प्रथम आली ती १९०७ सालीच. नुकत्याच जन्मलेल्या कोकरांची कातडी युरोपातील श्रीमंत स्त्रियांच्या अंगरख्यांसाठी जाई. पुढे अवर्षण आले, कातड्याचा बाजारही कोसळला, आणि मालकांना शेते नकोशी झाली. अशी काही शेते एकत्र करून १९८४ पासून नामिबरँड हे खासगी अभयारण्य उभे राहिले. मैलोन्‌मैल तारेची कुंपणे उपटण्यात आली आणि हरणांचे कळप पुन्हा मोकळे फिरू लागले. आज जेथे पाहुणा 'अनादी अरण्य' पाहतो, तेथे त्याच्या आजोबांच्या काळी मेंढ्या चरत होत्या!

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. १८८४ पासून हा प्रदेश जर्मन साम्राज्याची वसाहत होता. मध्यभागात हेरेरो हे गोपालक लोक, दक्षिणेस नामा. १८९७ च्या सुमारास बुळकांडीची साथ आली आणि हेरेरोंची बहुतेक गुरे मेली. तिला आवर घालण्यासाठी जर्मनांनी उत्तर सीमेवर चौक्या बसविल्या. एटोशातील नामुटोनी व ओकाउकुएयो या आजच्या दोन प्रसिद्ध मुक्कामांचा उगम या गुरांच्या चौक्यांत आहे. जमिनी हातच्या गेल्या, सावकारी कर्ज वाढले, आणि जानेवारी १९०४ मध्ये हेरेरो उठले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस ओंडोंगाचा राजा नेहाले याच्या माणसांनी नामुटोनीच्या ठाण्यावर चाल केली. आत अवघे सात जर्मन होते. ते दिवसभर लढले आणि रात्री निसटले. ठाणे उद्ध्वस्त झाले. नंतर ते पुन्हा बांधण्यात आले. पांढऱ्याशुभ्र भिंतींचा तो किल्ला १९५० मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरला. स्मारक अर्थातच सात जणांचे होते. स्वातंत्र्यानंतर उद्यानाच्या उत्तरेकडील दरवाजाला नेहाले राजाचे नाव मिळाले, हा त्यावरचा उतारा म्हणावयाचा.

ऑगस्ट १९०४ मध्ये वॉटरबर्गच्या पायथ्याशी हेरेरोंचा मोड झाला. बायकामुले व उरलीसुरली गुरे घेऊन ते पूर्वेकडे ओमाहेकेच्या निर्जल पट्ट्यात, म्हणजे कालाहारी वाळवंटाच्या पश्चिम कडेस, शिरले. सेनापती फॉन त्रोथा याने पाठलाग तर केलाच. पण त्याहून भयंकर म्हणजे पाणवठ्यांवर पहारे बसविले. २ ऑक्टोबर १९०४ रोजी त्याने जो हुकूम काढला त्यात जर्मन हद्दीत सापडेल तो प्रत्येक हेरेरो, सशस्त्र असो वा निःशस्त्र, गोळी घालून मारावा असे फर्माविले होते. बर्लिनहून काही आठवड्यांनी तो हुकूम मागे घेण्यात आला, परंतु तोवर वाळवंटाने आपले काम केले होते. जे जिवंत हाती लागले ते छावण्यांत गेले. स्वाकोपमुंड येथे अशी छावणी होती. ल्युडेरित्झ बंदरातील शार्क बेटावरची सर्वांत वाईट. थंड वारा, अपुरे अन्न आणि आगगाडीच्या रस्त्याची मजुरी यांखाली तेथे हजारो हेरेरो व नामा मेले. त्याच बेटावर पुढे अनेक वर्षे पर्यटकांसाठी तंबू ठोकण्याची सोय होती. या युद्धात हेरेरोंपैकी सुमारे चार-पंचमांश आणि नामांपैकी निम्मे लोक नाहीसे झाले असावेत, असा अंदाज नेहमी दिला जातो. जर्मन सरकारने या संहारास वंशविच्छेद हे नाव दिले ते मे २०२१ मध्ये.

आता दोन सरकारी कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २२ मार्च १९०७ रोजी गव्हर्नर फॉन लिंडेक्विस्ट याने तीन राखीव मृगयाक्षेत्रे जाहीर केली. दुसऱ्या क्रमांकाच्या क्षेत्रात एटोशाचे पांढरे खारे सरोवरतळ, पश्चिमेकडे थेट सागरकिनाऱ्यापर्यंतचा प्रदेश, असा अफाट मुलूख आला. हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांनी पन्नास वर्षांत हत्ती व गेंडे जवळजवळ संपविले होते. तेव्हा या जाहीरनाम्याचे कारण खोटे नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच सरकारने तद्देशीयांसंबंधी नियम काढले. परवानगीवाचून त्यांना जमीन वा गुरे बाळगता येऊ नयेत. सात वर्षांवरील प्रत्येकाने क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला बाळगावा. पाच महिन्यांच्या अंतराने एकाच कचेरीतून हे दोन्ही कागद निघाले. एकाने पशूंना अभय मिळाले. दुसऱ्याने माणसांना गुरांप्रमाणे आकडे पडले. (पुढल्याच वर्षी ल्युडेरित्झजवळ रेल्वेच्या झकरायस लेवाला नावाच्या मजुरास वाळूत हिरा सापडला, आणि तिसऱ्या प्रकारचा रिकामा मुलूख, 'निषिद्ध प्रदेश', अस्तित्वात आला. शंभर वर्षे तेथे कोणास पाऊल ठेवू न दिल्यामुळे तेथील वनस्पती शाबूत राहिल्या, आणि २००८ मध्ये त्याचेही राष्ट्रीय उद्यान झाले. लेवालाच्या पदरात काही पडले नाही, हे सांगावयास नकोच.)

एटोशाच्या राखीव क्षेत्रात हाइओम नावाचे लोक राहत होते. शिकार व कंदमुळे यांवर जगणारे, प्रत्येक पाणवठ्यास स्वतःच्या भाषेतले नाव देणारे. गोऱ्यांच्या कोशात ते 'बुशमन'. जर्मनांनी त्यांना हाकलले नाही, आणि १९१५ मध्ये जर्मनांचा पाडाव करून आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनेही प्रारंभी नाही. याचे कारण ऐकून मन विषण्ण होते: ते अरण्याचाच एक भाग समजले जात. धनुष्यबाणाने शिकार करण्यास त्यांना मुभा होती, बंदुकीस नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाढू लागले. हाइओम आता कपडे घालीत, गुरे पाळीत, रस्त्याच्या कामावर मजुरी करीत. म्हणजे अरण्यात शोभेनासे झाले. १९४९ मध्ये 'बुशमनांच्या संरक्षणार्थ' एक आयोग नेमण्यात आला. नाव संरक्षणाचे, पण इतरांसाठी राखीव भूमी सुचविताना हाइओमांना मात्र तीही नको, असा त्याचा निष्कर्ष निघाला. १९५४ मध्ये त्यांना बाहेर काढण्यात आले. उत्तरेस ओवाम्बोलँडमध्ये जावे किंवा दक्षिणेच्या गोऱ्या शेतमालकांकडे राबावे, एवढेच दोन मार्ग. उद्यानाच्या नोकरीत हवे होते तेवढे ठेवून घेतले. त्यांच्यातील उत्तम माग काढणारे पुढे पाहुण्यांस सिंहाची पावले दाखवू लागले.

हा अनुभव केवळ परक्या भूमीचा नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणून सोडण्यात आले, तेव्हा त्या सोहळ्याची वर्णने आपण सर्वांनी वाचली. ते अरण्य एके काळी ग्वाल्हेर संस्थानात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी माधवराव शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून याच बाजूस सोडण्याचा खटाटोप केला होता. गीरचे सिंह कुनोत यावेत म्हणून विसावे शतक संपण्याच्या सुमारास तेथील चोवीस गावे उठविण्यात आली. सिंह आले नाहीत, चित्ते आले. गंमत अशी की नामिबियातील बहुतेक चित्ते उद्यानांत राहतच नाहीत. सिंह व तरस यांच्या भयाने ते शेतजमिनींत, माणसांच्या व गुरांच्या शेजारी वावरतात.

नामिबियातील कथेस पुढे एक अनपेक्षित वळण लागले. १९६०-७० च्या दशकांत प्रिटोरियाच्या सरकारने ओडेनडाल आयोगाच्या शिफारशीवरून वंशवार 'स्वभूमी' आखल्या. त्यासाठी एटोशाचा पश्चिम भाग १९७० मध्ये तोडून दिला. उद्यान सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरांवर आले आणि १९७३ पर्यंत त्यास कुंपण पडले. तोडलेल्या भागाचे नाव डामारालँड झाले. तेथे ज्यांना आणून टाकले त्यांत दक्षिण आफ्रिकेतील रीमवासमाक गावचे लोक होते. ऑरेंज नदीकाठची त्यांची जमीन लष्करास हवी होती. म्हणून १९७३-७४ मध्ये त्यांना आगगाडीत घालून या अनोळखी माळावर सोडण्यात आले. त्यांच्या शेळ्या आणि तेथील हत्ती, सिंह, काळे गेंडे यांची गाठ पडली. पाठोपाठ दुष्काळ व चोरटी शिकार आली. १९८० नंतरच्या वर्षांत येथील काही गावप्रमुखांनी, गार्थ ओवेन-स्मिथ या निसर्गसंरक्षकाच्या साहाय्याने, आपल्यातलीच माणसे वनरक्षक म्हणून नेमली. वाटाड्या व शिकारी म्हणून मुरलेली ती माणसे गेंड्याचा माग सरकारी शिपायापेक्षा बरा काढीत. २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला. १९९६ च्या कायद्याने गावसमूहांस वन्य पशूंपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा अधिकार मिळाला, आणि १९९८ मध्ये पहिली चार सामूहिक संरक्षणक्षेत्रे नोंदली गेली. टोरा हे त्यांतलेच. रीमवासमाकहून आलेल्या अनेकांचे घर. तेथील उंची तंबूंच्या निवासाने ठरावीक हिस्सा गावास द्यावा, नोकऱ्या गावकऱ्यांस द्याव्यात, असा करार झाला. आज अशी क्षेत्रे ऐंशीहून अधिक आहेत.

ही व्यवस्था आम्हांस स्तुत्य वाटते, परंतु तिला रामराज्य म्हणण्याची आमची तयारी नाही. हत्ती पाण्याच्या टाक्या फोडतो, सिंह गाढव मारतो, आणि भरपाईचा अर्ज तालुक्याच्या ठिकाणी पडून राहतो, हे दुःख तेथेही आहे. २०२० मध्ये महामारीमुळे पाहुणे येईनासे झाले, तेव्हा परक्यांच्या हौसेवर उभे असलेले हे उत्पन्न किती डळमळीत आहे तेही दिसले. तथापि टोराच्या माणसाला कराराच्या कागदावर सही करण्यापुरते तरी स्थान आहे. हाइओमांना तेवढेही सुखासुखी लाभले नाही. रीमवासमाकच्या लोकांस मूळ जमीन परत मिळाली आणि १९९५ मध्ये त्यांतील पुष्कळसे माघारी गेले. काहींनी टोरातच राहणे पसंत केले. परतायचे की राहायचे, हे त्यांना ठरविता आले.

हाइओमांसाठी स्वातंत्र्यानंतरच्या सरकारने उद्यानाच्या दक्षिणेस काही शेते विकत घेतली. या शतकाच्या आरंभी त्यांच्यातील वृद्धांना बरोबर घेऊन एटोशाचे नकाशे काढण्यात आले, आणि ज्या पाणवठ्यांना पाहुणे आकड्यांनी वा जर्मन नावांनी ओळखीत, त्यांची जुनी नावे कागदावर आली. पुढे त्यांच्यातील काही जण पूर्वजांच्या भूमीवरील हक्कासाठी न्यायालयात गेले. सर्व समाजाच्या वतीने दावा लावण्याची अनुज्ञा त्यांनी मागितली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. एटोशाची भूमी कोणाची, हा प्रश्न सुनावणीस आलाच नाही. समाजाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कायद्याने मान्य केलेल्या पारंपरिक प्राधिकरणाचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि अर्जदारांचे म्हणणे असे होते की, ते प्राधिकरण आपल्या वतीने बोलतच नाही.