मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस (चित्रपट, २०१७)

अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३४ सालच्या याच नावाच्या कादंबरीवरील इंग्रजी रहस्यपट. केनेथ ब्रॅना यांनी दिग्दर्शनाबरोबर बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल पायरोची भूमिकाही केली. पटकथा मायकेल ग्रीन यांची, तर संगीत पॅट्रिक डॉयल यांचे.

पूर्वपीठिका : अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे १९३२ मध्ये अपहरण होऊन खून झाला. कादंबरीतील आर्मस्ट्राँग कुटुंबातल्या मुलीच्या अपहरणाचे व खुनाचे प्रकरण या घटनेवरून सुचले. सिडनी ल्युमेट यांनी १९७४ मध्ये कादंबरी प्रथम पडद्यावर आणली. त्यात आल्बर्ट फिनी पायरो होते. इन्ग्रिड बर्गमन यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.

कथानक : इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते. रॅचेट (जॉनी डेप) हा प्रवासी रात्री भोसकला जातो. अंगावर बारा वार आढळतात. चिमुकल्या डेझी आर्मस्ट्राँगला पळवून मारणारा कॅसेटी तो हाच, हे पायरो हुडकून काढतो. डब्यातल्या संशयितांचे त्या कुटुंबाशी धागे जुळतात आणि हा खून सर्वांनी मिळून केल्याचे उघड होते.

वेगळेपण : चित्रपटाची सुरुवात जेरुसलेममध्ये होते. कादंबरीतील कर्नल आर्बथनॉट आणि डॉ. कॉन्स्टंटाइन यांचे मिळून एकच पात्र केले आहे. उलगडा जेवणाच्या डब्याऐवजी बोगद्याच्या तोंडाशी होतो. तेथे लांब टेबलामागे ओळीने बसवलेले संशयित ‘लास्ट सपर’ या चित्राची आठवण करून देतात. कादंबरीतला पायरो दोन उत्तरे मांडून शांतपणे बाजूला होतो. येथे मात्र तो आपले पिस्तूल संशयितांपुढे ठेवतो : सत्य दडवायचे, तर आधी मला गप्प करा. मिसेस हबर्ड (मिशेल फायफर) ते स्वतःवरच रोखते, पण त्यात गोळी नसते. खुनी कोण हे बहुतेक प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते. म्हणून कायदा आणि न्याय यांत फारकत झाली की सत्यनिष्ठ माणसाने काय करावे, या प्रश्नावर दिलेला भर हेच या पुनर्निर्मितीचे खरे बळ आहे.

निर्मिती व प्रतिसाद : हॅरिस झांबारलूकोस यांनी चित्रीकरण ६५ मिमी फिल्मवर केले. मृतदेह सापडतो तो प्रसंग थेट वरून टिपलेला आहे. समीक्षकांचे मत संमिश्र राहिले; दृश्यसौंदर्याची वाखाणणी झाली, पण इतक्या नामवंत नटांना पुरेसा वाव मिळाला नाही, अशी टीकाही झाली. सुमारे ५.५ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर मिळवले. ब्रॅना यांनी पुढे ‘डेथ ऑन द नाइल’ (२०२२) आणि ‘अ हाँटिंग इन व्हेनिस’ (२०२३) या चित्रपटांतही पायरो साकारला.