मधाचा प्रवास

मध नासत नाही, ही आपल्याकडील जुनी आणि पक्की समजूत. ती खरी आहे, परंतु पोळ्यात झाकलेल्या मधापुरती. मधमाशी मकरंदातले पाणी पंखांच्या वाऱ्याने आटवते, ते शेकडा वीसच्या आसपास उतरले म्हणजे त्यावर मेणाचे झाकण घालते. माणसाने ते झाकण फोडले, की मधाचा प्रवास सुरू होतो आणि बहुधा दुर्दशाही.

पूर्वी रानातले मोहोळ कापून पोळे हातांनीच पिळीत. मधाबरोबर पराग, मेण, अळ्यांचा रस, सारेच भांड्यात उतरे. मध हवेतील ओल ओढून घेतो. ओल वाढली की किण्व जागे होते. डोंगर उतरून मडके बाजारी येईतो मध फेसाळे, आणि भाव पडे तो ते आणणाऱ्याचा. १८५२ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. पुढे १८६५ साली ह्रुश्का यांनी ब्रनो येथे पोळे गरगर फिरवून मध काढण्याचे यंत्र दाखवले. पोळे न मोडता निर्मळ मध मिळू लागला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात न्यूटन नावाच्या पाद्र्याने देशी माशीच्या बेताची लहान पेटी प्रचारात आणली.

तथापि निर्मळ मधालाही उन्हाचे भय असतेच. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ जोनाथन व्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली त्याचे मोजमापच मांडले. मधातील डायस्टेज नावाचे पाचक द्रव्य २० अंश उष्णतेवर निम्मे व्हावयास सुमारे चार वर्षे लागतात. ३० अंशांवर २०० दिवस पुरतात, आणि ४० अंशांवर अवघा एक महिना! आता वैशाखात पत्र्याच्या छपराखाली रचलेल्या डब्यांची कल्पना करावी. त्यातून डबा साध्या लोखंडाचा असला, तर मधातील आम्ल तो खाते आणि मध काळवंडतो.

थंडीचा प्रकार निराळा. सुमारे १४ अंशांवर मध लवकर रवाळ होतो. हा त्याचा स्वभावच. पण गिऱ्हाईक तळाचे पांढरे कण पाहून साखर मिसळल्याचा संशय घेते, आणि तो टाळावा म्हणून व्यापारी मध तापवून चकचकीत करतो. म्हणजे चांगल्या मधाची खूण पुसावयाची आणि वर त्याचे सत्त्वही दवडावयाचे! माझ्या मते या व्यवहारात गिऱ्हाइकाचे अज्ञानच अधिक महाग पडते. मध तापवू नये, असे चरक-सुश्रुतांनी बजावले होते. त्यांची कारणे वेगळी होती, हे खरे.

तापलेल्या वा जुनाट मधात हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल हे द्रव्य वाढते. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने त्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम ठरवली आहे. उष्ण देशांच्या मधाला मात्र तिने ८० पर्यंत सवलत दिली आहे.